आपल्या हातची सिगारेट

२ मार्च, सोमवार
निर्णय पक्का. आजपासून तयार सिगारेट बंद. तंबाखू, कागद, फिल्टर, सगळं पार्सलने आलं. आता घरीच वळायची. आपला हात जगन्नाथ. वळायला कष्ट पडले की आपोआप कमी ओढली जाईल, हे साधं सायन्स आहे. आयुष्यभर ऑफिसात नकाशे काढले, बोटांना वळण आहेच.
शिवाय दिवसातून तीनदा कोपऱ्यावरच्या टपरीवर उभं राहून टपरीवाल्याच्या गुडघ्याचं पुराण ऐकायला नको. केवढा वेळ वाचेल. त्या वेळात काय करायचं ते उद्या ठरवीन.
बायको मुलीकडे, बाळंतपणाला. माझ्या खोकल्याच्या काळजीने महिनाअखेर परत येते म्हणाली. घाई नको म्हटलं. शांतता मला मानवते.

३ मार्च, सकाळ
पहिली वळली. मधे पोट सुटलं, टोकांना काहीच नाही. पेटवल्यावर कागद भुर्रकन जळाला, तंबाखू शर्टावर. अंगण वाकडं म्हणणाऱ्यातला मी नाही, पण हे टेबल खरोखरच वाकडं आहे.

संध्याकाळ
पंखा बंद करून वळली. जमली असती, पण घाम टपकला.

५ मार्च
मुलीचा फोन. सांगितलं, सोमवारपासून एकही सिगारेट विकत घेतलेली नाही. अक्षरशः खरं. तिने पुढचं ऐकलंच नाही, आईला सांगायला पळाली. मी दुरुस्ती करणार होतो, पण तोवर बाळ रडायला लागलं. बाळापुढे कुणाचं चालतं?

७ मार्च
भाजीला गेलो, समोरच्या फुटपाथने. टपरीवाल्याने हात केला. मी घाईत असल्यासारखं मनगटाकडे बघितलं. घड्याळ घरीच राहिलं होतं. टपरीवर नेहमीची मंडळी. टॅक्सीवाला कशावर तरी पोट धरून हसत होता. कशावर, ते कळलं नाही. माझं काही अडलेलं नाही.

१० मार्च
तंबाखू कोरडी ठणठणीत. इंटरनेटवर सल्ला : डब्यात सफरचंदाची फोड ठेवा. ठेवली.

१३ मार्च
डब्यात बुरशी. इंटरनेटवर विश्वास ठेवू नये. नवीन पार्सल मागवलं, इंटरनेटवरून.

१६ मार्च
जमली! अशी जमली की पाकिटातलीने लाजावं. सरळ, गोल, घट्ट. दाखवायला कुणी नव्हतं. मीटर बघायला माणूस आला, त्याला दाखवली. मी ओढत नाही म्हणाला आणि आकडा टिपून गेला. दिवसभरात एवढंच बोलणं झालं. घशाला विश्रांती मिळते त्याने.
एवढी देखणी सिगारेट, पण अर्धीच ओढून विझवली. चव नाही. बहुधा कागद.

१९ मार्च
चष्म्याच्या जुन्या डबीत निवडक सिगारेटी भरून टपरीवर गेलो. मंडळींना एकेक द्यायची, सगळे तोंडात बोटं घालतील, असा बेत.
मला बघताच टपरीवाला गुडघा धरत बाहेर आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बघा, इतके दिवस फिरकले नाहीत. काकांनी सोडली. या वयात. शिका जरा."
टॅक्सीवाल्याने हातातली चिरडली. तुमच्याकडे बघून मीही सोडतो म्हणाला. आता डबी काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी नुसता हसलो आणि माझ्या नेहमीच्या स्टुलाकडे वळलो, तर टपरीवाल्याने ते उचललं.
"इथे थांबू नका, काका. धुराने परत ओढ लागते. घरी जा तुम्ही."
फार मायेने म्हणाला. आलो घरी.

२२ मार्च
हिचा फोन. मुलगी खरं सांगते का, विचारत होती. हो म्हटलं. काय म्हणणार?
"जीव भांड्यात पडला हो. आता तुमची काळजी नाही. मग मी राहते इथे, पाळणाघर मिळेपर्यंत."
कधी मिळेल विचारलं. सहा-आठ महिने जातात म्हणे. आरामात ये, इथे सगळं छान आहे, असं मी सांगितलं. मग वाटलं, निदान थोडं खोकून दाखवावं. खोकला येईना.

२५ मार्च
काडेपेटी आणायला टपरीवर गेलो. घरात आहे, पण असावी जास्तीची. टपरीवाल्याने दिली नाही. मोहाला वाट ठेवू नका म्हणाला. गुडघा कसा आहे विचारलं, तर बरा आहे म्हणाला. बास, एवढंच. पूर्वी याच प्रश्नावर अर्धा तास जायचा.

३१ मार्च
ही आज येणार होती. सकाळी उगाच दोन कप काढले, एक परत ठेवला.
मागाहून आणखी एक पार्सल मागवलं होतं, ते अजून फोडलं नाही. आठवडाभर एकही वळली नाही, ओढावीशीही वाटली नाही. टॅक्सीवाल्याच्या काडीवर पेटवायची आणि गुडघ्याचं ऐकत उभं राहायचं, चव त्याचीच होती. कागदाचा दोष नव्हता. फार एकटं वाटतं. इथे लिहायला हरकत नाही.
म्हणजे सिगारेट सुटली. या वेळी खरोखर सुटली.
कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. पण सगळ्यांना ते आधीच सांगून झालंय.