जड रेग्युलेटरच न्या

अहो,

मी शिरोळला माहेरी, अव्वाकडं चालले. तुम्ही अंदमानला निघताना दारात उभं राहायला आता मला जमत न्हाई.

पाण्याखाली श्वास घ्यायचे दोन्ही रेग्युलेटर टेबलावर हायत. हलका नेऊ नका. तुम्ही शिकवलंय तसं टाकीला जोडायच्या टोकाला टोपी लावून, तोंडात धरून ओढून बघितलं. हलक्यातनं वारं आत येतंय, म्हणजे कुठंतरी गळतोय. जड एकदम घट्ट हाय. बॅगेचं वजन वाढलं तर माझा चटणीचा डबा काढा, पण त्योच न्या.

लई वेळ तसाच तोंडात धरून बसलेले. रबरावर माझे दात उमटलेत. ते रबर बदलू नका. खाली बोलता येत न्हाई म्हणता न्हवं? मग तेवढं तरी दातांत धरा.

वर्षाराणी