पाहुण्यांचं राष्ट्रगीत

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी तुमच्यावर मनापासून चिडले आहे. काल आपल्या गावच्या नव्या पुलाचं उद्घाटन, नदीपलीकडच्या देशाचे पंतप्रधान पाहुणे, आणि तुमच्या बँडनं त्यांचं राष्ट्रगीत चक्क लग्नाच्या ठेक्यात वाजवलं! मी वार्ताहरांजवळ उभी होते. पाहुणे खळखळून हसले, पायानं ताल धरला, ढोल बडवणाऱ्या काकांकडे बघून टाळ्याही वाजवल्या.

तिथंच मिटलं असतं. पण निवडणूक तोंडावर आली आहे, पीठ महागलंय आणि राष्ट्राध्यक्षांच्या सभांना माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. आज आमच्या परराष्ट्र खात्यातल्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, पाहुणे आपल्या देशाला हसले असं निवेदन लिही. त्यावरून पूल बंद करायचा. परक्यानं अपमान केला की लोक पिठाचं विसरतात म्हणे. परराष्ट्र धोरण जनतेच्या हितासाठी असतं, असं मी परीक्षेत लिहिलं होतं, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मार्क मिळाले ना, मग झालं तर.

निवेदन सोमवारी द्यायचंय. खरं लिहिलं तर खापर बँडवर फुटेल. खोटं लिहिलं तर पूल बंद होऊन नदीपलीकडे दिलेली आत्या तिकडेच अडकेल. काय करू?

रागातही तुमचीच,
साळुंकी

५ मार्च

चि. साळुंकीस अनेक आशीर्वाद.

घरातली पहिली पदवीधर तू, आणि विचारतेस क्लॅरिनेटवाल्याला! तुझ्या काकाचं काय सांगू? फुलांनी सजवलेली गाडी दिसली की त्याचा हात आपोआप लग्नाच्या ठेक्यावर जातो. आत नवरा आहे की पंतप्रधान, बघतो कोण! मी डोळे वटारले, तर त्याला वाटलं मी खुश आहे.

आमची अब्रू गेली तर जाऊ दे. तुझी आई म्हणते, नणंदेशी भांडायला तरी पूल हवा. खरं लिही. फक्त ढोल कुणाचा आणि क्लॅरिनेट कुणाचं, ते स्पष्ट लिही. क्लॅरिनेट सुरात होतं.

आईची काळजी आणि माझा आशीर्वाद सोबत पाठवतो.
बाबा

१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खरं तेच लिहिलं आणि साहेबांना न दाखवता वार्ताहरांच्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी अख्खा देश हसत होता. पलीकडच्या पंतप्रधानांनी तर मुलीच्या लग्नासाठी हाच बँड मागितला. झालं! संध्याकाळपर्यंत राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की शेजाऱ्यांना आपलंसं करायला तो ठेका त्यांनीच सुचवला होता. आता भिंतीभिंतीवर त्यांचं चित्र आहे, हातात क्लॅरिनेट. उलटं धरलेलं. पूल मात्र उघडा आहे.

माझी बदली झाली. परदेशातून आलेल्या भेटवस्तू पुसायच्या खोलीत बसते. दोन दिवस रडले, खोटं नाही सांगत.

आईनं फोनवर सांगितलं की तुम्ही संतापलात आणि उद्या चौकात उभं राहून खरं-खोटं करणार आहात. बाबा, पाया पडते, नका करू. ते जितकं मिरवतील, तितका पूल बंद करणं त्यांना जड जाईल. कुणी विचारलं तर सांगा, ठेका राष्ट्राध्यक्षांचाच. खऱ्यासाठी नोकरी पणाला लावलेली तुमची मुलगी तुम्हाला हे सांगते आहे, यावर हसायचं तर घरात हसा.

काकांनाही आवरा. माया आहे तशीच असू द्या.
साळुंकी