मामा नाही म्हणाला

सोमवार, ४ मार्च

चि. भावास,
अ. उ. आ.

पोरीच्या मणक्यात तडा आहे. आज सकाळी डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. उंच उडी संपली, हे त्यांनी तुझ्या भाचीसमोरच सांगितलं. आपली टोळ खिडकीबाहेर बघत राहिली. आता तिच्या पायात मोजेसुद्धा मी घालते. लहानपणी दिवाणावरून कपाटावर उडी मारणारी पोर ही!

एक विचारते, राग मानू नकोस. संघातल्या सगळ्यांच्या पाठी तू चोळतोस. स्पर्धेच्या आठवड्यात सख्खी भाची कण्हत आली, तर तिला हात लावला नाहीस. का रे? ती म्हणते, मामा नाही म्हणाला. पुढे काही सांगत नाही.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, पण आज ती कागदावर उतरत नाही.

तुझी ताई

मंगळवार, ५ मार्च

ति. मामास,
सा. न.

उताणं पडून लिहितेय, अक्षर लागेल तसं वाच. आईने तुला पत्र टाकलंय, त्यात चांगलीच खरडपट्टी असणार. तू काय म्हणालास ते मी तिला सांगितलेलंच नाही. हा स्नायू उगाच आखडलेला नाही, आतलं दुखणं सावरून धरलंय त्याने, आधी फोटो काढ, तोवर मी तो सोडवणार नाही, असं म्हणाला होतास. मला वाटलं, मामा म्हातारा झाला. मैदानामागच्या मालीशवाल्याकडे गेले. त्याने पाठ लोण्यासारखी मऊ करून दिली.

खोटं कशाला बोलू, स्पर्धेच्या दिवशी मला पाठच नव्हती. आयुष्यातली सगळ्यात उंच उडी मारली. गादीवर पडले तीही हसतच. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना.

आईला सांगायचंय. तिच्या तोंडाकडे बघितलं की जमत नाही. तू ये ना.

रागावलास तरी लोभ ठेव.

तुझी टोळ (आता नुसती नावाची)

गुरुवार, ७ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. बोललीस ते बरं केलंस. रागवायला तुला दुसरा भाऊ कुठाय? तू विचारलंस त्याचं उत्तर मात्र मी देणार नाही.

डॉक्टरांशी फोनवर बोललो. पाठीला इतक्यात कोणी हात लावायचा नाही. पालथं झोपवून पोटऱ्या, तळवे चोळायला त्यांची हरकत नाही. रविवारी दुपारी येतो. जमिनीवर जाड गादी घाल, पोटाखाली उशी हवी. तेल मी आणतो. तुझं स्वयंपाकाचं नको. मागच्या वेळी माझा सगळा संघ तळणीसारखा दरवळत होता!

मी पायाशी बसेन, तू उशाशी बस. पालथं झोपलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून त्याला बोलणं सोपं जातं. भलेभले खेळाडू माझ्यापुढे असे रडलेत. टोळही बोलेल. मध्ये काही विचारू नकोस. तिच्या केसांतून हात फिरवत राहा, आणि ऐकून झाल्यावरही तो काढू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा भाऊ