शांत झालेली माणसं

२० ऑगस्ट २००६

पोचले एकदाची. जालन्याहून यवतमाळ, तिथून घाटंजीची एसटी आणि पुढे ऑटो. ट्रंक माझ्या मांडीवर, ऑटोवाला आणि मी दोघं हसत होतो. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच तुरीची ओळ. मिशनचा दवाखाना लहान पण स्वच्छ आहे. मेट्रन मार्थाबाईंनी पिठलं-भाकर वाढली आणि माझी खोली दाखवली. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. आईला लिहिलं, तुझी एस्तेर सुखरूप आहे, काळजी करू नकोस.

२५ ऑगस्ट

वॉर्डात बहुतेक पेशंट विषाचे. काहींना फवारताना बाधलेलं, काहींनी घेतलेलं. कोणी का घेतलं ते विचारायचं नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. डॉ. पौलस ओहोळ. पांढरे केस, आवाज कधी चढत नाही. पेशंटच्या खाटेवर बसून स्वतःच्या हातानं पेज भरवतात. धर्माचं कुणाला सांगत नाहीत, नुसतं ऐकतात. पाया पडायला कोणी वाकलं की खांदे धरून उभं करतात. अशा माणसाच्या हाताखाली आणलंस, प्रभू, तुझे उपकार.

२ सप्टेंबर

उकंडा गेला. जिनिंगमध्ये हमाल होता. चहा मागायला लागला होता, बायकोची थट्टा करत होता. दुपारी श्वास थांबला. डॉक्टरांनी मला समजावलं, हे विष असंच फसवतं, माणूस सुधारतोय असं वाटतं आणि मान नि छातीचे स्नायू लुळे पडतात. नर्सिंगला मीही हे शिकले आहे. त्याचं अंग त्यांनी स्वतः पुसलं.

८ सप्टेंबर

कोकिळा नावाची मुलगी आली आहे. लग्नाला वर्षही झालेलं नाही, पाठीवर पट्ट्याचे वळ. शुद्धीवर आल्यापासून सगळ्यांना शिव्या देते. मला म्हणाली, “मले वाचवाले कोणं सांगतलं होतं तुले?” मी तिचे केस विंचरले. तिनं कंगवा फेकून दिला.

१२ सप्टेंबर

रामराव गेले. कालपासून व्हरांड्यात फिरत होते. सकाळी मला म्हणाले, घरी जाऊन ती बाटली पुरून टाकतो, आता मन हलकं झालं. जेवणानंतर डॉक्टर त्यांचा हात हातात घेऊन प्रार्थना करत होते. मला चादरी आणायला पाठवलं. परत आले तर रामरावांचं तोंड झाकलेलं.

विष घेऊन आठवडा उलटलेल्या, चालत्याफिरत्या माणसाचे स्नायू असे लुळे पडत नाहीत. मी तसं डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, त्याची वेळ झाली होती.

१३ सप्टेंबर

मार्थाबाईंना रामरावांबद्दल विचारलं. त्या बँडेज गुंडाळत होत्या.  हात न थांबवता म्हणाल्या, इथून शिव्या देणारे घरी जातात, रडणारेही जातात. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. कामात राहा म्हणाल्या.

१७ सप्टेंबर

आज उपासनेनंतर डॉक्टरांना सरळ विचारलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी माझ्यासाठी चहा केला आणि सगळं सांगितलं.

पूर्वी एक रामीबाई होती. त्यांनीच वाचवली, बरी करून घरी पाठवली. पुढच्या हंगामात तिनं पुन्हा घेतलं. मरताना देवाला शिव्या दिल्या, वाचवणाऱ्यालाही. “ज्या घरात विष कोनाड्यात ठेवलंय, त्याच घरात यांना परत कसा पाठवू, सिस्टर? आज यांच्या मनात कुणाबद्दल वैर नाही, देवाशी समेट झालाय. उद्याची हमी तुम्ही देता?” म्हणून ज्याचं मन शांत झालं, त्याला ते एक इंजेक्शन देतात. खून म्हणत नाहीत. पोचवणं म्हणतात.

मी म्हटलं, उद्या ना तुमच्या हातात ना माझ्या. खून करू नको ही आज्ञा सरळ आहे, तिला पुढे ‘पण’ नाही. ते म्हणाले, पूर्वी वीस वर्षं मी हेच सांगत होतो, आणि ज्यांना सांगितलं ते पुन्हा विष पिऊन मेले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेच सहन होत नाही. ते खोटं नव्हतं.

१९ सप्टेंबर

दवाखाना चालवणाऱ्या मिशनच्या मंडळाच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या भाऊंनी आधी माझं वय विचारलं. मग म्हणाले, संतमाणसाबद्दल असं बोलताना जीभ कशी झडत नाही? पोलिसांकडे तरी काय पुरावा नेऊ, उकंडा नि रामराव, दोघांनाही जाळून झालं.

प्रार्थना करायला बसले. शब्द येत नाहीत. डॉक्टरही त्याच देवाला हाक मारतात.

२० सप्टेंबर

कोकिळा आज हसली.

वेणी घालून घेतली. माहेरी जाते म्हणाली, महागावला. “मले आता लय बरं वाटून राह्यलं, सिस्टर.”  तिला म्हटलं, डॉक्टर आले की रड, ओरड, काहीही कर, पण बरं वाटतं म्हणू नको. ती माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

डॉक्टर दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

२१ सप्टेंबर, सकाळ

आम्ही दोघी फाट्यावर बसलोय. मागच्या कुंपणातून कोकिळाला बाहेर काढलं. एसटीचा पत्ता नाही. तोवर लिहिते.

ती विचारते, “डाक्टरसायेबाले न सांगता काहून चाललो आपण?”

शेवटी सांगितलं. सगळं. तिनं मान हलवली. म्हणाली, माह्या बापानं कधी घास भरवला नाही, त्यायनं भरवला. तुमालेच काही झालं.

तोंड धुवायला टपरीवर गेली होती. टपरीवाला सायकल काढून दवाखान्याकडे—

तिनंच निरोप धाडला.

डॉक्टरांची जीप. ते एकटेच. मार्थाबाई नाहीत.

म्हणतात, एसटी घाटंजीला बंद पडलीय, महागावला मी सोडतो. तुम्ही आलात तरी चालेल, सिस्टर. आवाज तसाच.

कोकिळा मागे जाऊन बसलीसुद्धा. हात धरला तर झटकला. सायकलवरून मागोमाग परतलेल्या टपरीवाल्याला ओरडून सांगितलं. तो डॉक्टरांना हात जोडून उभा.

मीही बसले. तिच्या शेजारी, वही मांडीवर.

पुढे वळण. जीप थांबवली, रस्त्यात कोणी नाही— ते मागे येतायत, इंजेक्शनची बॅग घेऊन. कोकिळा त्यांना जागा करून देतेय— मी तिच्या अंगावर आडवी—