मामांची लेन्स आणि हेडक्लार्कचं टक्कल

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मान आधीच खाली आहे, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.) डोळा कसा आहे? खुपत नाही ना? डॉक्टरांनी तुमच्या जुन्या डोळ्यात नवी कोरी लेन्स घातली आणि ती पहिल्या फटक्यात बसली, हे ऐकून आनंद झाला. मी तुमची जुनी लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्यावर बसवली, त्याची हकीकत मात्र वाईट आहे.

मामीच्या निवृत्तीच्या समारंभाला तुम्हाला डोळ्यामुळे जाता येणार नव्हतं, म्हणून तुम्ही ती लेन्स माझ्या हाती दिलीत आणि म्हणालात, "तुझ्या मामीचा एकेक फोटो मी हिनेच काढलाय. हाही हिच्यातूनच निघू दे. फक्त आधी घरी एकदा लावून बघ." त्यातलं शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. उलट, मधे एक अ‍ॅडॅप्टर लावला की कुठलीही जुनी लेन्स चालते, असं तुम्हालाच शिकवलं. जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाला! आठवलं की अजून कानशिलं तापतात.

समारंभ हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होता. मामी टेलिफोनच्या बोर्डावर बसायची, त्यामुळे निम्म्या लोकांनी तिचा इतकी वर्षं नुसता आवाज ऐकलेला. चेहरा बघायला सगळे लोटले होते. मी ऐटीत खुर्चीवर चढलो, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'लेन्स जोडलेली नाही'. (एवढी वजनदार लेन्स नाकासमोर, आणि हा म्हणतो कोणी आलंच नाही!) तुमची लेन्स पडली मुकी. नव्या कॅमेऱ्याशी विजेच्या खुणांनी बोलायची तिला सवय नाही, आणि खुणा केल्याशिवाय हा कोणाला ओळख देत नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई भेटवस्तू धरून हसत उभ्या होत्या, त्यांचं हसू हळूहळू वाळत गेलं. मी आपला मेनू चिवडत बसलो. शेवटी एक्स-रेवाला म्हणाला, "साहेब, आम्ही आतल्या हाडांचे काढतो, तेही एवढ्यात निघतात."

अखेर 'लेन्स नसतानाही फोटो काढा' अशी एक सोय सापडली. तुमच्या लेन्सचा तेवढा अपमान गिळून मी धडाधड फोटो काढले. पण मामा, लेन्सवरचं कडं एकदाही फिरवलं नाही! फोटो स्पष्ट करायचं काम कॅमेऱ्याचं, आपलं नव्हे, अशी इतक्या वर्षांची सवय. कडं तुम्ही ज्या अंतरावर ठेवलं होतंत तिथेच राहिलं, आणि त्या अंतरावर बरोब्बर पहिल्या रांगेतल्या हेडक्लार्कचं टक्कल होतं. ते सगळ्या फोटोंत लख्ख आलंय. उरलेले केस कोणीही मोजून घ्यावेत. मामी मागे धुक्यात. मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

कळवण्यासारखं काही नव्हतं, तरी कळवलं.

तुमचा नालायक भाचा

ता. क. मामीला मी 'सगळे फोटो फक्कड आलेत, मामांना पाठवतो' असं ठोकून दिलंय. तिने विचारलं तर 'पाहिले, छान आहेत' एवढं म्हणा. पत्र खरं म्हणजे याचसाठी.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं, की तुम्हाला अजून वाचायची बंदी आहे. म्हणजे हे वाचून कोण दाखवतंय? मामी, नमस्कार.

आता लपवण्यात अर्थ नाही. सोबत एक फोटो आहे. तो एकच नीट आला, आणि तो मी काढला म्हणायचीही लाज वाटते. भाषणं चालू असताना मामी उठली आणि सरळ माझ्याकडे आली. "पुरे झालं रे तुझं. यांच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली, मला घरी सोड." मी दचकलो आणि बटण दाबलं गेलं. कार्यक्रम लवकर आटपला, असं तिने तुम्हाला सांगितलं ना? आटपला नव्हता. तिचं स्वतःचं भाषण राहिलं होतं. तिचा शेवटचा फोटो तुम्ही जेवढ्या अंतरावरून काढला होतात, तेवढ्या अंतरावर ती आली आणि पापणीसकट स्पष्ट झाली. मामा, मामी वाचताना इथे थांबली, तर ती पत्र संपलं म्हणून थांबली असं समजू नका.