हवाईतळावरचं दही

तीर्थरूप ताईस,
धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. कंबर कुरकुरते, तरी वाकूनच.

हवाईतळावर सुखरूप पोहोचलो. इथे सगळे मला ‘मामाजी’ म्हणतात आणि तासातासाला खाऊ घालतात. अद्वयचं सामान मिळालं. त्याची इथली खोली बाळकुमच्या घरातल्या खोलीपेक्षा नीटनेटकी होती, हे वाचून तू चिडशील. तुझा गुडघा काय म्हणतो?

शेवटच्या रजेवरून तो निघाला तेव्हा दही लागलं नव्हतं. हातावर दही न ठेवताच लेक लढाईवर गेला, हे तू मनात धरून बसली आहेस. विरजणही लावत नाहीस, असं भावोजी सांगत होते. म्हणून हे ऐक.

इथे उड्डाणाआधी प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर पडते. ही रीत अद्वयने आणली. शकुनाला शास्त्राधार नाही, असं मी त्याला एकदा सुनावलं होतं. तो म्हणाला, “मामा, शास्त्राला विमान चालवता येतं का?”

त्या शेवटच्या सकाळीही त्याने दही घेतलं. जोडीच्या विमानातल्या हरकीरतला स्वतःच्या हाताने दिलं. हरकीरतच्या विमानाला मार बसला, तेव्हा अद्वयने शत्रूला आपल्यामागे ओढून नेलं. म्हणून हरकीरत परतला. “मामाजी, कटोरी एक ही थी,” एवढंच म्हणतो. दही दोघांनी एकाच वाटीतलं घेतलं होतं.

रविवारी हरकीरत माझ्याबरोबर घरी येतोय. तुझ्यासमोर कसं यायचं, असं विचारत होता. म्हटलं, तळहात पुढे करून ये.

ताई, शनिवारी रात्री विरजण लाव.

तुझा,
आनंद