धाकटीचं नाव पेन्सिलीने

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे तुला लिहायला धीर होतोय. आपली बोली मला कागदावर उतरवता येत नाही, तेव्हा तू जे बोललीस ते सगळं शाळेच्या मराठीत येईल आणि तुझंच बोलणं तुला परकं वाटेल. वाटू दे. तू जाऊन बारा वर्षं झाली, आता एवढं ऐकून घे. आज तुझ्या धाकट्या नातीचा वाढदिवस, सहा वर्षांची झाली. नाताळ चार दिवसांवर आलाय, म्हणून लेकींचा बाप अंगणात बांबूच्या कामट्या तासून चांदणी करतोय, आणि अकरा वर्षांची थोरली पतंगाचा लाल कागद कापता कापता त्याला अक्कल शिकवतेय. "पप्पा, चांदणीला पाच टोकं असतात. तुझी चारच होताहेत." तो म्हणतो, "पाचवं तुझ्या नाकाचं लावू." दोघं खिदळतात. धाकटी मात्र भिंतीला टेकून उन्हात बसलीय. मागच्या वर्षी हिला धरून ठेवावं लागलं होतं, खळीचं भांडं दोनदा सांडलं होतं हिने. या आठवड्यात ती एकदाही पळालेली नाही. दोन्ही नडग्यांवरून हात फिरवत बसते, आणि मी बघतेय असं दिसलं की पटकन हात काढून घेते.

असं बसणं मी आपल्या घरी पाहिलंय. मोठी बाई, माझी सख्खी बहीण, ओढ्यात डुंबून आली की दुसऱ्या दिवशी चुलीमागच्या भिंतीला टेकायची आणि म्हणायची, हाडं आतून दुखतात. तू एरंडाची पानं तव्यावर गरम करून तिच्या गुडघ्यांना बांधायचीस. त्या पानांच्या वासाचाही मला राग यायचा, कारण बाईला पानं बांधली की पाणी भरायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. एकदा मी हंडा आपटला आणि म्हटलं, "नाटकं करते नुसती." तू नागलीची भाकरी थापत होतीस. त्याच हाताने माझ्या तोंडात दिलीस. "दुखणं तिचं आहे. किती दुखतं ते तू सांगू नको." गालावर पिठाची पाच बोटं घेऊन मी ओढ्यावर गेले आणि तिथल्या बायकांना दिवसभराची करमणूक झाली. त्याच हिवाळ्यात, नाताळच्या आदल्या आठवड्यात, बाई गेली. दहा वर्षांची होती. नाताळसाठी शिवलेला नवा फ्रॉक तिला घालूनच नेली. त्या दुखण्याला काही नाव असतं हे आपल्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

नाव मला आश्रमशाळेत कळलं. सगळ्या मुलींच्या बोटाला सुई टोचली आणि महिन्याभराने प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड माझ्या हातात आलं. वर सिकलसेल, आणि खाली एकच शब्द, वाहक. शाळेतल्या मास्तरीणबाईंनी नीट समजावलं. तुला स्वतःला काही होणार नाही, पण लग्न ठरलं की नवऱ्याचंही रक्त तपासून घे, दोघांतही हे असलं तर लेकराला तो आजार होऊ शकतो. घरी येऊन मी हे तुला सांगितलं, तेव्हा तू फक्त मोठ्या बाईचं नाव घेतलंस. पुढे स्थळ आलं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी तू पेटीतून ते कार्ड काढलंस आणि तव्याखाली सरकवलंस. प्लास्टिक चरचरलं. बाबांनी बाहेरून विचारलं, कसला गं वास? तू म्हणालीस, "पिशवी पडली चुलीत." मी हळूच म्हटलं, "माय, त्याला सांगायला पाहिजे." तू वर न बघता बोललीस, "एक लेक गेली माझी. दुसरीचा संसार तरी उभा राहू दे. सगळं सांगून कोणाचं लग्न झालंय?" मग हाताला साबण लावून मनगटातलं चांदीचं कडं ओढून काढलंस आणि माझ्या हातात घातलंस. त्या दिवशीच्या भाकरीला जळक्या प्लास्टिकचा वास होता. पाहुण्यांनी खाल्ली आणि चांगली झाली म्हणाले. मीही खाल्ली. सगळा दोष तुझ्यावर ढकलायला मला फार आवडलं असतं, पण मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझं तोंड कोणी बांधून ठेवलेलं नव्हतं.

आता पुढची गंमत ऐक. तुझी लेक अंगणवाडी सेविका आहे. सिकलसेलचं चित्र अंगणवाडीच्या भिंतीवर मीच चिकटवलंय. गावात नवी सून आली की मीच तिला जवळ बसवून सांगते, लाजू नको, दोघांचं रक्त तपासून घ्या. माझं लोक ऐकतातही. भातकापणीच्या आधी तपासणीला सिस्टर आली. शहाद्याकडची आहे, सगळ्यांशी अहिराणीतच बोलते. लेकरांची रांग मीच लावली. थोरलीचं बोट टोचून झालं. धाकटीला मी सकाळीच तिच्या बापाबरोबर शेतावर पाठवून दिलं होतं. सिस्टरने यादीवर बोट ठेवलं. "ताई, तुमनी धाकली कोठे शे? नाव ते शे ना तिनं." मी म्हटलं, मामाकडे गेलीय. मला भाऊच नाही हे तिला कुठे ठाऊक! "मंग पुढला टाईमले आना तिले. इसरू नका बरं," असं म्हणून ती पुढच्या लेकराकडे वळली. मला भीती वाटली, माय, दुसरं काही नाही. धाकटी वर्षाची होती तेव्हा तिच्या हातापायांचे पंजे सुजले होते. पाळण्यातून पडली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. सुई टोचली नाही तोवर ती चांगली आहे, असं मी धरून बसले होते. दुसरी कोणी बाई असं वागली असती तर मी तिच्या घरी जाऊन तिला फैलावर घेतलं असतं.

थोरलीचं कार्ड आलं, वाहक. बापाने ते दोनदा वाचलं. त्याला मिठाच्या पिशवीवरचंसुद्धा सगळं वाचायची सवय आहे. मग मला चुलीपाशी बोलावून म्हणाला, "हे माझ्याकडूनच आलं असेल. माझा काका असाच पाय धरून बसायचा, लग्नाआधीच गेला. तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तू फसलीस गं या घरात येऊन." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे दोन्हीकडून आहे, हे मला तिथेच उमगलं. दोन्हीकडून असलं म्हणजे काय, ते तर मी चित्रावर काठी ठेवून गावाला शिकवते. आणि मी त्याला काय म्हटलं असेल? "जाऊ दे, तुझा काय दोष." अगदी मोठ्या मनाने! त्याने माझं मनगट धरलं, तुझ्या कड्यावरून.

गेल्या आठवड्यात धाकटी सकाळी उठेना. पाय आतून दुखतात म्हणाली. मला अंगणवाडी उघडायला उशीर होत होता. "नाटकं बंद कर," मी ओरडले. शब्द तोंडातून गेला आणि गाल तापला, पण माझ्या तोंडात द्यायला तू नव्हतीस. तेव्हापासून ती दुखण्याबद्दल बोलत नाही. आज दुपारी केक कापला, नवापूरहून आणलेला, वर गुलाबी फूल होतं. सहा मेणबत्त्यांवर तिने फुंकर मारली, दोन विझल्या आणि तिला धाप लागली. बाप म्हणाला, "म्हातारी झाली की काय आमची!" सगळे हसले. उरलेल्या चार थोरलीने विझवल्या. मग तिने धाकटीची हनुवटी वर केली. "मम्मी, हिचे डोळे पिवळे का दिसतात?" उन्हामुळे, मी म्हटलं, आणि उठून खिडकी लावून घेतली. खिडकी लावल्यावरही ते पिवळेच होते. मी खाली बसून तिला विचारलं, दुखतंय का गं? तिने केकचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "नाही मम्मी. मी नाटकं नाही करत."

सोमवारी सिस्टर परत येणार आहे. यादी माझ्याकडेच असते. बाकीच्या लेकरांची नावं पेनाने लिहिलीत. धाकटीचं नावही मी लिहिलंय, पण पेन्सिलीने. त्या सुईच्या आधी लेकींच्या बापाला सगळं सांगायचं, असं मी चार दिवस घोकतेय. इथवर लिहिलं आणि तो चांदणी घेऊन आत आला, बोटं खळीने भरलेली. "काय लिहितेस एवढं?"

"मायला चिठ्ठी."

तो हसला. "तिला कुठे वाचता येत होतं? आण इकडे, मीच तिला वाचून दाखवतो." आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोसमोर उभं राहून त्याने हात पुढे केला. उंबऱ्यात धाकटी बसली होती, आमच्याकडे बघत. या वेळी तिला नडगीवरचा हात काढायचं भान राहिलं नव्हतं. अजून पुरी झाली नाही, असं म्हणून मी कागद रजिस्टरखाली सरकवला, आणि तो चांदणी टांगायला बाहेर गेल्यावर पुन्हा काढून हे शेवटचं लिहितेय. चिठ्ठी तेव्हाच पुरी झाली होती, माय. पण त्याला वाचता येतं.